किक कुणी मारायची

८ जानेवारी, बुध.
आज गाडीवरचा निळा प्लास्टिक कागद काढला. दिवाळीनंतर पहिल्यांदाच. काढताना सु. नं स्वतःहून दुसरं टोक धरलं. लगेच नोंद करून ठेवतोय, कारण हे नैसर्गिक नाही.

सत्तावीस वर्षांच्या संसारात या बाईनं माझ्या मोटारसायकलला सवत सोडून दुसरं नाव दिलेलं नाही. गेल्या दिवाळीत कोयनानगरच्या खालच्या वळणावर मी एका दिशेला गेलो, गाडी दुसऱ्या. उजव्या नडगीत सळई बसली. शुद्धीवर आलो तर उशाशी हिचा पहिला प्रश्न : "मोडली का?" मला वाटलं पायाचं विचारतेय. गाडीचं विचारत होती, आणि आवाजात आशा होती.

आणि आज? "चांगली करा. अगदी पहिल्यासारखी करा. घ्या, फडकं." फडकं म्हणजे माझं बनियन. अजून वापरात असलेलं.

पाणी मुरतंय.

९ जाने., गुरु.
हेडलाइटवर कुंकवाचं स्वस्तिक. हळदीची दोन बोटं. आधी वाटलं दसऱ्याचं राहिलं असेल. पण दसऱ्यानंतर ही गाडी ओढ्यात आडवी पडून आली आहे, तिथं हेडलाइटची काच धुवायला देवानं काही बाकी ठेवलं नव्हतं. हे ताजं. महिन्याच्या आतलं.

खाली वाकलो. (वाकणं हा सध्या स्वतंत्र कार्यक्रम आहे. आधी डावा गुडघा, मग भिंत, मग शिव्या.) पुढच्या चाकाखाली चिरडलेलं लिंबू, वाळून चामडं झालेलं. मागच्या चाकाखाली दुसरं. गाडी जागेवरून वीतभर पुढे आलेली.

लिंबू चाकाखाली कधी देतात? नवी गाडी घेतल्यावर. माझी गाडी नवी होती तेव्हा मला केस होते.

सु. ला विचारलं. म्हणे, "करंडा घेऊन जाताना सांडला असेल."
"स्वस्तिकाच्या आकारात?"
"आवं, सांडायचं कसं ते काय आपल्या हातात असतं?"
हे उत्तर मी पेपरातल्या माझ्या सदरात वापरलं असतं. पण घरातलं छापायचं नाही असा करार आहे, आणि तो मोडल्यावर काय होतं ते एकदा बघितलंय.

११ जाने., शनि.
सकाळी सुभेदार हजर. न बोलावता. मागच्या गल्लीत राहतात, पलटणीतून रिटायर होऊन तीन-चार वर्षं झाली. गाव जतच्याही पुढे. वडील अजून मेंढरं घेऊन फिरतात, यांनी डाळिंब लावलंय. एरवी माणूस रामरामाच्या पुढे जात नाही. आज म्हणे, "सर, कार्ब्युरेटर खोलायचा न्हवं? मी धरतो की बॅटरी." बॅटरी म्हणजे टॉर्च.

कार्ब्युरेटर खोलणार हे यांना कुणी सांगितलं? मी फक्त सु. ला सांगितलं होतं.

खोलला. आत पिवळा चिकट थर, तळाशी पाणी. पेट्रोलात आता इथेनॉल असतं, उभ्या गाडीत ते पाणी ओढून बसतं. ऊस पूर्वी आमच्याकडे फक्त निवडणुकीत शिरायचा, आता कार्ब्युरेटरच्या जेटमध्येही शिरला. तारेनं भोक मोकळं केलं. सुभे. नी टाकी रिकामी केली, पेट्रोल गाळलं, हात धुतले. सगळं शिस्तीत. मधे एकदा सीटवर बसून दोन्ही पाय टेकतात का ते बघितलं. मी बघत नाही असं वाटून.

जोडल्यावर म्हटलं, "सुभेदार, मारा जरा किक. माझा पाय अजून कच्चा आहे."
माणूस एकदम दोन पावलं मागं सरला. "न्हाई न्हाई सर. माझ्या पायात चप्पल हाय."
बर्फात बूट न काढता रात्री काढलेला माणूस हा. चपलेचं कारण देतो.

१२ जाने., रवि.
टायरला हवा. पुढचा ठीक, मागचा पोटावर बसलेल्या म्हशीसारखा. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं. परवानगी न घेता, आणि आमच्या कॉलनीतल्या बऱ्याच बांधकामांपेक्षा मजबूत.

सुभे. परत हजर. पंप मारला, चेन डिझेलनं धुतली, ऑइल सोडलं. किक म्हटल्यावर आज गुडघा दुखत होता.

शंका १ : हा माणूस माझी गाडी परस्पर वापरतोय. पण मीटरवरचा आकडा अपघाताच्या दिवशीचाच आहे, आणि बंद गाडी वापरणार कशी?
शंका २ : कुणाच्या तरी घरी पाहुणे घर बघायला येणार होते आणि त्यांच्या अंगणात आमची गाडी उभी केली. आपल्याकडे हे चालतं. ट्रॅक्टर, म्हैस, फ्रीज, सगळं उसनं आणून उभं करतात. पण गाडी वीतभरच हललीय. एवढ्यात कुणाचं लग्न जमत नाही.
शंका ३ : सु.

१३ जाने., सोम.
पौष पौर्णिमा. औंधची यात्रा. सु. चं माहेर तिथनं हाकेच्या अंतरावर. यमाईला या दिवशी ती गेली नाही असं एकच साल आठवतं, लेकीच्या जन्माचं. आज गेली नाही. एसटी आहे, भाऊ न्यायला यायला तयार होता. तरी नाही.
"का?"
"देणं आहे. ते फिटल्यावर जाईन."
"कसलं देणं?"
"बायकांचं असतं." आणि कुकरची शिट्टी झाली. या घरात कुकर तिच्या बाजूनं आहे.

संध्याकाळी लेकीचा पुण्याहून फोन. पाय कसा आहे, गाडी कशी आहे. मग, "बाबा, आईनं सांगितलं का तुम्हाला?"
"काय?"
"काही नाही. आवाज कट होतोय."
आवाज स्वच्छ होता. तिच्या मागं कुणी चमच्यानं कप ढवळत होतं तेसुद्धा ऐकू येत होतं.

१४ जाने., मंगळ.
संक्रांत. तिळगूळ घ्या, गोड बोला. सगळेच गोड बोलतायत. हीच तर भीती.

१६ जाने., गुरु.
उलगडलं. आता सविस्तर लिहितो.

आज आमच्याकडे हळदीकुंकू. बायका आत, मी हद्दपार, शेडात प्लग घासत बसलो होतो. सुभेदारांची आई आली. मार्गशीर्षात गावाहून आलीय, लेकाकडे राहतेय. नऊवारी, कपाळभर कुंकू, हातात काठी. आत न जाता आधी शेडात आली. मला वाटलं मला तिळगूळ द्यायला. म्हातारीनं तिळगूळ गाडीच्या टाकीवर ठेवला, दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

मग मला : "मास्तर, लय जीव लावताय बगा आमच्या गाडीला. द्येव तुमास्नी उदंड आयुष्य देवो."
मी म्हटलं, "तुमच्या?"
"व्हय की. मार्गशीर्षातल्या शेवटच्या बेस्तरवारी पूजा केली न्हवं का मी? फुडं पौष लागत हुता. पौषात पूजा न्हाई, नेणं न्हाई. लिंबू मीच ठिवलं. तुमी आत झोपला हुता, औशीद घिऊन." मग काठी आपटत आत गेली आणि जाता जाता, "घाई न्हाई बरं का बाळा. तुमच्या पायाच्या कलानं."

माझ्या पायाच्या कलानं? गाडी विकली असेल तर पायाचा काय संबंध?

बायका पांगल्यावर सु. ला समोर बसवलं. तिनं वाण मिळालेल्या प्लास्टिकच्या डब्या एकीत एक घालत सगळं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं.

ऑपरेशनच्या दिवशी हिनं डॉक्टरांना विचारलं होतं, पाय पहिल्यासारखा कधी होईल. डॉक्टर विनोदी. म्हणाले, "वहिनी, ज्या दिवशी हे स्वतःच्या पायानं किक मारून गाडी चालू करतील, त्या दिवशी समजा झाला." हिनं ते वाक्य दवाखान्याच्या जिन्यातच उभं राहून जसंच्या तसं यमाईला सांगितलं. ज्या दिवशी ह्यांच्या किकेनं गाडी चालू होईल, त्या दिवशी ती दारातनं घालवीन.

म्हणून सुभेदारांना चप्पल. म्हणून गुडघा. दुसऱ्या कुणी किक मारली तर नवस बाटतो.

"अगं, उपास धरायचास. साखर सोडायचीस."
"नवसात आवडती वस्तू द्यायची असते."
"माझी आवडती?"
"पायसुद्धा तुमचाच मागितला होता की."
तीस वर्षं लोकांना निरुत्तर करायचा धंदा मी केला.

मग तीच म्हणाली, "सुभेदारांना दिली म्हणजे मागच्या गल्लीतच राहील. येता-जाता दिसेल तुम्हाला." पैशाचं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मान्य केल्यासारखं झालं असतं.

१७ जाने., शुक्र.
'नवस म्हणजे देवाला भरलेलं टेंडर' असं मीच लिहिलं होतं एकदा. हिनं कात्रण काढून ठेवलं होतं. मला वाटलं कौतुकानं.

शांतपणे विचार केला तर परिस्थिती अशी : मी किक मारली नाही तर गाडी माझी. कायमची. फक्त चालू करायची नाही. चालू केली की सुभेदारांची. म्हणजे माझी गाडी माझी राहण्यासाठी ती भंगार असली पाहिजे.

आमच्या काही संस्था याच तत्त्वावर चालतात.

१९ जाने., रवि.
आज जिना उतरताना लंगडलो. दुखत नव्हतं. सु. खाली उभी होती म्हणून.

लिहायला लाज वाटतेय, पण चांगलं लंगडलो.

२२ जाने., बुध.
कॉलेजात काठी विसरून वर्गावर गेलो आणि तासभर फळ्यापुढे उभा राहिलो. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर काठी आठवली. स्टाफरूममध्ये राहिलेली. तरी लंगडत आलो. सु. दारात. "काठी कुठाय?"
"विसरली."
"लंगडणाऱ्याला काठी विसरत नाही," म्हणाली आणि वाटाणा सोलत राहिली.

संध्याकाळी माझ्या चपला उलट्या करून बघत होती. महिनाभरापूर्वी डावी एकटीच झिजत होती. आता उजवीही झिजायला लागलीय. मग दोन्ही चपला जागेवर ठेवल्या, अगदी सरळ, जोडीनं.

आतापर्यंत या घरात शंका घेणारा मी होतो.

२६ जाने., रवि.
झेंडावंदन करून सुभे. थेट शेडात. ब्लेझर, छातीवर पदकं, आणि त्याच वेशात माझी क्लच केबल सोडायला बसले. क्लच प्लेटा चिकटल्यात अशी मला शंका होती. नव्हत्या. केबलच गंजली होती. नवी टाकली.

आज मीच विषय काढला. "सुभेदार, माहिताय मला सगळं."
"तुमास्नी माहिताय ते मला बी माहिताय, सर. आईनं त्याच दिशी सांगितलं."
"मग मी किक मारत नाही म्हणून चिडला नाहीत?"
"मी कशापायी चिडू? आमीच तुमच्या दारात पूजा करून बसलोय." मग तार घट्ट करत, मान खाली घालून, "आईला गावाकडं सोडायची हाय. हितं तिला करमत न्हाई. म्हंती, मानसं कवा बी दारं लावून बसत्यात. बा मेंढरांमागं, गावात एकटीच राहनार ती. एसटी तिठ्यावर सोडती, फुडं मळ्यापतूर चालत. गाडी असली की आठवड्याला जाऊन येता येतंय. तेवढंच."
"दुसरी घ्या की एखादी."
"घेईन की. पर तिनं हिच्याफुडं नारळ फोडलाय. आता दुसऱ्या गाडीवर बसायची न्हाई ती. लय हट्टी."
दोन बायका आणि एक देवी. यांच्यामध्ये आम्ही दोघं, हातात ग्रीस.

निघताना सुभे. थांबले. "सर, येक इचारू? रागवू नगा."
"विचारा."
"पलटनीत आमच्याकडं पोरं सिक रिपोर्ट करायची. परेडच्या आदल्या दिशी लंगडायची. त्यांचा पाय कवा कवा बदलायचा. सकाळी उजवा, सांच्याला डावा."
"मग?"
"तुमी ध्यान ठिवून उजवाच लंगडता. शाबास." आणि सलाम ठोकून गेले.

ही चेष्टा होती की इशारा? दोन्ही असणार.

३० जाने., गुरु.
काल अमावस्येला पौष संपला. आज माघ. म्हातारीचा एक अडसर गेला, उरला माझा पाय.

गाडी पूर्ण तयार. प्लग, कार्ब., चेन, हवा, केबल, ब्रेक, नवं पेट्रोल. इतकी नीट ती शोरूममधून आली तेव्हाही नव्हती. मी तिला कुणासाठी तयार केलं हे आधी कळलं असतं तर एखादा नट सैल ठेवला असता का? नसता ठेवला. माझ्यात तेवढीही हिंमत नाही आणि म्हातारी मागं बसणार आहे.

सु. रात्री झोपेत माझ्या नडगीवर हात ठेवते. आजचं नाही, दवाखान्यातून आल्यापासून. मला आधी वाटायचं झोपेतली सवय. परवा हळूच बघितलं, तर डोळे उघडे होते. काहीतरी पुटपुटत होती. मला बघून थांबली.
"काय म्हणत होतीस?"
"काही नाही. हिशेब."
"कुणाशी?"
"झोपा."

तिला खरंच वाटतं की पाय उसना आणलाय आणि परतफेड थकली तर तो परत जाईल. यावर हसणारा लेख मी झोपेत लिहू शकतो. पण आज सकाळी ती भाजी आणायला गेली आणि ती समोर नसतानाही मी दोन पावलं लंगडलो, आणि घाबरून थांबलो. खरंच दुखलं होतं की सवयीनं, ते कळेना.

४ फेब्रु., मंगळ.
रथसप्तमी. हळदीकुंकवांचा शेवटचा दिवस. सु. चार वाजता पाच घरांचं आमंत्रण घेऊन बाहेर पडली. सुभेदारांच्या घरी शेवटी जाणार होती.

मी शेडात गेलो. नुसतं बघायला. मग स्टँडवरून काढायला. मग पेट्रोलचा कॉक उघडायला. चोक ओढायला. न्यूट्रल आहे का ते बघायला. अशी माणसं वाया जातात.

पहिली किक अर्धी. पाय वरच राहिला, नुसती भीती. दुसरीत पाय पूर्ण खाली गेला, नडगीतली सळई जागच्या जागी, दुखलं नाही. गाडी खोकली. तिसरीला लागली.

तो आवाज. तीन महिने झाले होते. शेडाचा पत्रा थरथरायला लागला, कोपऱ्यातली चिमणी उडाली. सीटवर बसलो. नुसता बसलो, गिअर टाकला नाही. हँडलवर दोन्ही हात, डोळ्यांत पाणी. धूर होता. किती वेळ बसलो ते बघितलं नाही. मग घाईनं बंद केली आणि वर येऊन उघडं पुस्तक मांडीवर घेऊन बसलो. पुस्तक उलटं होतं, ते नंतर दिसलं.

सु. सहाला आली. पदरात वाण, गजरा. घरात न येता शेडाकडे वळली. खिडकीतून बघितलं. गाडीजवळ वाकली, सायलेन्सरजवळ तळहात नेला. टेकवला नाही. चुलीचा अंदाज घेतात तसा नुसता धरला. दोन तासांत तो थंड झाला असेल असं मी स्वतःला समजावलं. तिचा हात बराच वेळ तिथंच होता.

वर आली. हातपाय धुतले. "चहा ठेवू?"
"ठेव."
"लंगडत नाही तुम्ही आज."
मी बसलेलो होतो. बसलेला माणूस लंगडणार कसा?

५ फेब्रु., बुध.
सकाळी देवघराजवळ पिशवी दिसली. आत हिरवा खण, नारळ, तांदूळ. यमाईची ओटी. म्हणजे तिला माहीत आहे. किंवा तयारी असावी म्हणून ठेवलीय. किंवा मला दिसावी म्हणून.

चहा देताना म्हणाली, "औंधला जायचं झालं तर आधी जायचं, का सुभेदारांना सांगून मग?"
"काय सांगून?"
"ते तुम्हाला माहीत."
हा प्रश्न आहे की सापळा, कळेना. आधी जायचं म्हटलं तर कबुली. मग जायचं म्हटलं तरी कबुली. चहा घेतो म्हटलं. चहा तर हातातच होता.

इथं आठवलं, काल गडबडीत पेट्रोलचा कॉक उघडाच राहिला. कार्ब्युरेटर भरून वाहिला असेल. काठी न घेताच खाली गेलो, ती बघत होती तरी.

कॉक बंद होता. मी केला नव्हता.

शेडाच्या बाजूच्या भिंतीवर, उन्हात, हेल्मेट वाळत घातलेलं. माझं, ओरखड्याचं. आतलं अस्तर धुऊन काढलेलं. त्याच्या शेजारी दुसरं, तिचं. अपघाताच्या आधीपासून माळ्यावर पडून होतं. तेही धुतलेलं.

दोन. सुभेदारांना आणि त्यांच्या आईला गाडीबरोबर द्यायला धुतली असतील. तसंच असणार.

किंवा आम्ही दोघं इथनं गाडीवर सकाळी निघालो तर औंध जेवायच्या आत होतं.

वर खिडकीत ती उभी आहे, पाठमोरी. अस्तरं अजून ओली आहेत.